वार्ड दोनमधली नऊ मतं

९ ऑक्टोबर

वाटेवर बाभळीच्या काट्या. मळणीवाला सकाळी यंत्र घेऊन आला, भगवान भावजीच्या बांधापाशी थांबला आणि तिथूनच फिरला. म्हणाला, बाई, तुमचं घरातलं आधी मिटवा, मग बोलवा, मला टायर फोडून घ्यायचं न्हाई. आता दुसऱ्या चौघांची रास झाल्याशिवाय तो काही परत येत नाही.

भगवान भावजी म्हणजे आमच्या ह्यांचा सख्खा चुलतभाऊ. माझं रान त्याच्या रानामागं, वाट त्याच्या बांधावरून. हे होते तोवर तीस वर्षं त्या वाटेनं गाडी गेली, कुणी ब्र काढला नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली. बाईमाणूस एकटी दिसली की बांध पण सरकतो.

सोयाबीन कापून रानातच बनीम रचून ठेवलीय. वर ताडपत्री, कडेनं दगड. आभाळ भरून येऊन राहिलंय. ह्या ढिगावर माझं वर्ष हाय, पोरीचं पण.

पंचवीस तारखेला ग्रा.पं.चं मतदान.

१० ऑक्टोबर

तात्याकडं गेले. ओसरीवर पन्नास माणूस. सरपंचपद बाईला सुटलंय म्हणून ह्या खेपेला त्याच्याऐवजी त्याची बायको, शांताकाकू उभ्या. काकू आत तांदूळ निवडत होत्या. अर्ज भरला का विचारलं, तर म्हणाल्या, ह्यांनी भरला म्हणे.

फ्लेक्सवर तात्याच्या डोक्यावर उदगीरच्या साहेबांचा फोटो. मागच्या साली तिथं नांदेडचे साहेब होते. मोठे दोघं जिल्ह्यासाठी भांडून राहिलेत, अन् खाली गावागावात माणूस ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर.

काट्यांचं सांगितलं. तात्यानं माझ्यासमोर फोन लावला, आवाज मोठा ठेवून. पलीकडून फौजदार, "बोला तात्या." नुसतं तेवढं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. तात्या इकडचं तिकडचं बोलला, माझं काहीच बोलला नाही, फोन ठेवला. मग मला म्हणाला, "बघतो की. फिकर करू नको. तू फक्त आपलं घर एक ठेव."

घरात मी एकटी. काय एक ठेवायचं.

११ ऑक्टोबर, रविवार

खंडोबाच्या देवळात आमच्या आळीतल्या बायकांना बोलावणं. गड्यांचं काल झालं म्हणे. तात्या नव्हता, असल्या जागी तो कधीच नसतो. ताट धरून उभा कोण, तर भगवान भावजी. ज्यानं माझ्या वाटेवर काट्या टाकल्या त्याच्याच हातात देवाचं ताट.

ताटात बेलाची पानं अन् भंडारा. एकेकीनं ओंजळीत घ्यायचं अन् म्हणायचं, आमचं मत कपाटाला, फुटलो तर खंडोबा बघून घेईल. कपाट ही काकूंची निशाणी. माझ्यापुढं शेजारच्या साळूबाई होत्या, गोळी गिळावी तसं भराभर म्हणून मोकळ्या झाल्या. मी पण उचलला बेलभंडार. भावजीकडं बघितलं नाही.

खोटं कशाला लिहू, उचलताना बरंच वाटलं. वाटलं, चला, आता वाट मोकळी होईल. कणीक मळताना संध्याकाळी बोटं पिवळीच होती.

१२ ऑक्टोबर

वाट तशीच. तात्याला रस्त्यात गाठलं. म्हणाला, मतदान झालं की काढू, आत्ता आचारसंहिता हाय.

काट्या टाकायला आचारसंहिता आडवी येत नाही, काढायलाच येते. मला तिथंच हसू आलं. घरी येईस्तोवर जिरलं.

१५ ऑक्टोबर

आज कमलसिस्टर आल्या. त्यांचंच पॅनल तात्याच्या विरोधात, काकूंसमोर त्याच उभ्या, निशाणी बादली. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत घर, सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातावर झाली, तीच पोरं आता त्यांच्या विरोधात घोषणा देत फिरतात. त्यांच्या डोक्यावर कोणत्याच साहेबाचा फोटो नाही.

ह्यांच्या शेवटच्या चार महिन्यांत सिस्टर रोज येऊन जखम धुवायच्या. मी बघू शकत नव्हते, मी तोंड फिरवायचे. त्या धुवायच्या. रेखाला नांदेडला नर्सिंगला घातली ती पण त्यांच्याच सांगण्यानं.

मत मागितलं नाही. चहा घेतला, तासभर बसल्या, आळीतल्या सगळ्यांनी बघितलं. मग पिशवीतून कागद काढले. माहितीच्या अधिकारात ग्रा.पं.च्या ठरावांच्या नकला मागवल्यात त्यांनी. म्हणाल्या, "भामा, तुझ्या वाटेचा ठराव पाच वर्षांत कधी झालाच न्हाई."

मी म्हटलं, तात्या तर म्हणतो फाईल वर गेली, तहसीलला.

"गावातनं निघालीच न्हाई तर वर कुठून जाईल. ठराव झाला, तहसीलला नोंद झाली की वाट कायमची तुझी. मग तुला तात्याच्या ओसरीवर कशाला जावं लागतंय."

बेलभंडार उचलल्याचं मी बोलले नाही. त्यांनी पण विचारलं नाही. उन्हातच चालत गेल्या.

१६ ऑक्टोबर

मागच्या इलेक्शनच्या सालातली डायरी काढली. बियाणेवाले फुकट देतात ती, सगळ्या पेटीत हायेत.

मतदानाच्या पंधरा दिवस आधी: "भावजीनं वाटेवर काट्या टाकल्या." मतदानाच्या दुसऱ्या दिवशी: "तात्यानं स्वतः उभं राहून काट्या काढायला लावल्या. देवमाणूस." मधल्या पाच वर्षांत एक काटा नाही. ह्या खेपेला पण मोजून पंधरा-सोळा दिवस आधी.

भावजी तात्याच्याच पॅनलमधून वार्ड दोनला उभा हाय. तात्यानं नुसतं बोट केलं असतं तरी त्यानं काट्या दातानं उचलल्या असत्या. हे मला पाच वर्षं दिसू नये? कुंपणच शेत खाऊन राहिलंय अन् मी कुंपणाला पाणी घालून राहिले. माझ्याच अक्षरात, "देवमाणूस". त्याच्याखाली रेघ पण मारलीय भवानीनं.

१८ ऑक्टोबर

रेखाचा फोन, नांदेडहून. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, आई, मग विचार काय करतीस, सिस्टरलाच दे. मी शपथेचं सांगितलं. तर म्हणे, काट्या टाकणाऱ्याच्या हातातली शपथ खंडोबा धरत नसतो. नांदेडला राहून पोरगी शहाणी झालीय. नांदेडला बनीम नसते.

पण मनाशी ठरलं. बादली.

२२ ऑक्टोबर

माणिकची बनीम जळाली. सिस्टरच्या पॅनलकडून आमच्याच वार्डात, भावजीच्या विरोधात उभा हाय तो. भर दुपारी, सगळे प्रचारात. धूर माझ्या दारातून दिसला. माणसं घागरी घेऊन पळाली, पण सोयाबीन वाळलेलं, कशाला थांबतंय. माणिकची बायको राखेत हात घालून शेंगा वेचत होती. कुणीतरी तिला धरून बाजूला नेलं.

कुणी केलं? सगळ्यांना माहीत, कुणालाच माहीत नाही. माणिक ठाण्यात गेला तर फौजदार म्हणे, विडी पडली असेल. तात्या संध्याकाळी माणिकच्या घरी जाऊन बसला, पाठीवरून हात फिरवला, म्हणाला, तू आपला असतास तर कुणाची छाती झाली असती का.

मी रानात जाऊन आले. काट्यांमधून चालत, साडी फाटली. माझी बनीम हाय तिथंच हाय. तिच्याजवळ बसून राहिले. काय राखणार होते मी बसून.

२३ ऑक्टोबर

साळूबाईशी बोलले. म्हटलं, तात्या असला हाय हे दिसतंय ना तुम्हाला. म्हणाल्या, दिसतंय की, डोळे फुटलेत का माझे. मग का देता? तर म्हणाल्या, "सिस्टर चांगली हाय गं. चांगलं माणूस पाहुणा म्हणून बरं. दारात कुत्रं चावरंच पाहिजे."

अन् चावरं कुत्रं घरच्यालाच चावलं तर?

"तर निदान कोणतं चावलं ते म्हाईत असतं."

मी चिडले, उठून आले. पण खोटं कुठं हाय त्यात. त्यांच्या पोराचं भांडण झालं तेव्हा तात्यानं एका फोनवर सोडवून आणला. भांडण कुणी लावलं होतं ते विचारायची गरज त्यांना पडली नाही. आळीत आता अजून एक उठवून दिलंय, सिस्टर आली तर वस्तीचं राज्य येईल, ऊठसूट केसा होतील. तीस वर्षं त्यांच्या हातची सुई टोचून घेतली तेव्हा केस झाली नाही कुणावर.

२४ ऑक्टोबर

वस्तीत बेलभंडार चालत नाही. म्हणून तात्याच्या माणसांनी तिथं घटनेचं पुस्तक नेलं, ह्याच्यावर हात ठेवा म्हणून. सिस्टरनं ते हातातून काढून घेतलं म्हणे. "हे शपथेला न्हाई, वाचायला हाय. वाचून झालं की परत देते." माणसं तशीच परत आली. गाव ह्यावर हसून राहिलंय, तात्याची माणसं सोडून.

उद्या मतदान. बादली. बादली.

२५ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू.

सकाळी आठला गेले. शाळेच्या फाटकापाशी भावजी उभा. काही वाईट बोलला नाही. इतकंच, "वैनी, रात्री रानाकडून जाऊन आलो. तुमची ताडपत्री एका बाजूनं उडाली होती. नीट करून आलो." अन् हसला.

आत गेले. शाई लावली. मशीनसमोर उभी राहिले. बादली दुसऱ्या नंबरला होती, मी बघितली. बोट कपाटावर गेलं. दाबलं. आवाज आला.

शपथेला भ्याले असते तरी देवाला तोंड दाखवता आलं असतं. मी शपथेला नाही भ्याले. ताडपत्रीला भ्याले.

बाहेर पडताना सिस्टर पलीकडच्या झाडाखाली उभ्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, नेहमीसारखी. मी पदर नीट करत निघून आले.

रेखाचा फोन. "दिलंस ना?" हाव म्हटलं. पोरीशी खोटं बोलले.

२७ ऑक्टोबर

अहमदपूरला मोजणी. काकू निवडून आल्या. गुलाल. काकू ट्रॅक्टरवर उन्हात उभ्या, मध्येच डोळे मिटायच्या. वस्तीनं सिस्टरला भरून दिलं, बाकी गावानं नाही. आमच्या वार्ड दोनमधून सिस्टरला नऊ मतं.

झालं. गावाला आता दुसरा धंदा नाही. नऊजण कोण? माणिकच्या घरची चार तर धरलेलीच. राहिली पाच. पाराला बसून माणसं घराघराचं नाव घेऊन बोटांवर मोजून राहिलेत. सगळ्या आळीनं बेलभंडार उचललेला, मग फुटलं कोण?

पहिलं नाव माझं. सिस्टर हिच्याकडं तासभर बसली होती, हिच्या नवऱ्याचं सगळं तिनंच केलं, पोरगी तिच्यामुळं शिकून राहिली. हिसाब एकदम बरोबर. नुसतं उत्तर चुकलं.

मला अजून एक गोष्ट खाते. पाच माणसं हायेत आमच्या आळीत, ज्यांनी माझ्यासारखीच शपथ घेतली, माझ्याइतकीच भ्याली, अन् तरी दाबली बादली. रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक तोंडाकडं बघून राहिले. कुणाचं असंल?

२८ ऑक्टोबर

काट्या काढायला कुणी आलं नाही. उलट कालच्यापेक्षा जास्त, वरून दगड. भावजीला म्हटलं, आता तर मतदान झालं. म्हणाला, "नवातलं एक तुमचं हाय वैनी. तात्याला सगळं कळतंय."

मी म्हटलं, मी कपाटालाच दिलंय. खंडोबाची आण. तर म्हणे, आण तर सगळ्यांनीच घेतली होती.

दुपारून पाऊस. दोन तास धो धो. ताडपत्री वरून धरून काय होतंय, खालून पाणी शिरलं. हात घालून बघितलं, आत गरम लागतंय, खालच्या थराला वास सुटलाय. अजून एक पाऊस झाला की शेंगा काळ्या पडतील.

ज्याला मत दिलं त्यानंच वाट बंद ठेवली, अन् ज्यांना दिलं नाही त्यांची म्हणून शिक्षा भोगून राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सिस्टरला दिलं असतं तर निदान फुकट तरी मार बसला नसता.

३० ऑक्टोबर

सिस्टर आल्या. मी दार अर्धंच उघडलं. काय तोंड दाखवू.

हरल्याचं दुःख दिसलं नाही, थकलेल्या मात्र दिसल्या. म्हणाल्या, वाटेचा अर्ज मी तयार करते, ठराव नसला तरी थेट तहसीलदाराकडं जाता येतं, सोमवारी आपण दोघी अहमदपूरला जाऊ. भिजल्या सोयाबीनचे फोटो, काट्यांचे फोटो, सगळं काढून नेलं मोबाईलवर. साडीला चिखल लागला तरी रानात आल्या, काट्यांतून. जाताना म्हणाल्या, "माझ्यापायी तुला तरास होऊन राहिला." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं रडून राहिले.

संध्याकाळी साळूबाई निरोप घेऊन आल्या. रविवारी दहाला परत देवळात. तात्याचा हुकूम. वार्ड दोनच्या सगळ्यांनी परत बेलभंडार उचलायचा अन् सांगायचं, आम्ही फुटलो नाही. ह्या वेळी सगळ्या गावासमोर, वस्तीला पण बोलावलंय, बघायला. उचलेल त्याचं मागचं माफ. साळूबाई म्हणाल्या, "तू खरंच दिलंय ना कपाटाला? मग भ्यायचं काय. उचल अन् मोकळी हो. सोमवारी मळणी करून घे."

खरंच सोपं हाय. खरं बोलायचं, बस्स. आळीतल्या त्या पाच जणांना खोटी शपथ घ्यावी लागंल, मला खरीच घ्यायची हाय. अन् समोर सिस्टर बसलेल्या असतील.

३१ ऑक्टोबर

रेखाला फोन लावला, खरं सांगायला. तिनं उचलून आधीच सुरू केलं, होस्टेलवर सगळ्यांना सांगितलं म्हणे, माझी आई कुणाला भीत नाही. मी जेवलीस का विचारून ठेवून दिला.

आभाळ परत भरलंय. दिवसभर वर बघून राहिले.

१ नोव्हेंबर, रविवार

नऊ वाजलेत. देवळाकडं हलगी वाजायला लागलीय. साळूबाई नवीन लुगडं नेसून दोनदा हाक मारून गेल्या, मी म्हटलं पुढं व्हा, आले.

त्या गेल्या अन् सिस्टर आल्या. उद्याच्या अर्जावर सही पाहिजे म्हणून. नीट टाईप केलेला, सात पानं, मागं फोटो. ओसरीवर बसून सगळा वाचून दाखवला. गट नंबर, ह्यांचं नाव, माझं नाव. विधवा, एकटी, कसणारी.

मला राहवेना. म्हटलं, सिस्टर, तुमचं किती करू मी, तुम्हाला काय वाटतं की मी तुम्हाला...

त्यांनी पुढं बोलू दिलं नाही. चष्मा पुसत म्हणाल्या, "भामा, तू मला मत दिलंस म्हणून मी आले न्हाई. दिलं नसतंस तरी हा अर्ज मी असाच लिहिला असता. दवाखान्यात कुणाचं कुणाला मत ते विचारून मी सुई टोचली न्हाई कधी."

त्यांना माहीत हाय का? तोंडावरून काही कळलं नाही. माहीत असलं तर बरं, का नसलं तर बरं, ते पण मला कळंना.

मग विचारलं, तू जाणार का देवळात. मी म्हटलं, जावं का. तर म्हणाल्या, ते तू बघ, मला पण बोलावलंय, पण मला गुडघ्यानं तिथं बसवत नाही. आधी सही कर.

सहीला पेन आणते म्हणून आत आले, अन् उभ्यानंच हे लिहून राहिले. हलगी जोरात चाललीय. भावजीचा आवाज येऊन राहिला, आळीतली नावं पुकारून राहिलाय. बाहेरून सिस्टर विचारून राहिल्यात, भामा, पेन सापडला का.